आकड्यातली वेळ की वाचता येणारी वेळ?

नव्या कामात तारीख-वेळ कशी साठवायची, हा प्रश्न सुरुवातीला किरकोळ वाटतो आणि पुढे पाठ सोडत नाही. एकीकडे युनिक्स टाइमस्टॅम्प, म्हणजे १ जानेवारी १९७०पासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा; दुसरीकडे आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाची, वर्ष-महिना-दिवस क्रमाने लिहिलेली मजकुरातली तारीख. दोन्हींवर मी बरीच वर्षं काम केलंय. '०३/०४/२०२४' या छापाचा पर्याय मी इथे धरलेलाच नाही. ती तीन एप्रिल की चार मार्च, हे लिहिणाऱ्यालाच माहीत.

आकड्याची बाजू भक्कम आहे. दोन घटनांमधलं अंतर हवं तर वजाबाकी करा, क्रम हवा तर थेट सॉर्ट करा. आठ बाइटांत काम भागतं. तीच वेळ मजकुरात लिहिली तर पंचवीसेक अक्षरं जातात. ज्या नोंदी माणूस क्वचितच उघडून बघतो, उदाहरणार्थ सेन्सरची मोजमापं, तिथे मी आजही आकडाच ठेवतो. १९ जानेवारी २०३८ला ३२ बिटांची जागा संपते हे खरं, पण ६४ बिट घेतले की तो विषय मिटतो.

आकडा सेकंदांत आहे की मिलिसेकंदांत, हा घोळही तसा सोसण्यासारखा आहे. १७०००००००० म्हणजे १४ नोव्हेंबर २०२३. हाच आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर २० जानेवारी १९७० दिसते. चूक इतकी ढळढळीत असते की लगेच पकडली जाते. हल्लीच्या तारखांना दहा अंकी असेल तर सेकंद, तेरा अंकी असेल तर मिलिसेकंद, एवढं लक्षात ठेवलं तरी निभतं.

माझा कौल फिरला तो दुसऱ्याच त्रासामुळे. दोन ठिकाणांहून येणाऱ्या नोंदी मी एकत्र करत होतो, दोन्हीकडे सेकंदच. एका ठिकाणच्या प्रोग्रॅमने भिंतीवरच्या घड्याळाची स्थानिक वेळ घेतली होती आणि तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून तिचा आकडा केला होता. त्यामुळे सगळ्या नोंदी दोन तासांनी सरकलेल्या. पण दहा अंकी आकडा तो दहा अंकीच! बरोबर आकडा आणि दोन तास चुकलेला आकडा शेजारी ठेवले, तरी डोळ्यांना काही वेगळं दिसत नाही. विनंतीला दिलेलं उत्तर आधीचं आणि विनंती नंतरची दिसायला लागली, तेव्हा कुठे शंका आली. मग एकेक आकडा कन्व्हर्टरमध्ये टाकून बघायचा, आणि दर वेळी हेही तपासायचं की कन्व्हर्टर यूटीसी दाखवतोय की माझ्या मशीनची वेळ. त्या कामात दोन दिवस गेले, आणि त्यातला बराचसा वेळ नुसता आकडे वाचण्यात गेला.

तीच नोंद '२०२३-११-१४ २२:१३:२०' अशी असती, तर शेवटी ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, लिहिलेलाच नाही हे पहिल्याच नजरेत खटकलं असतं. '+००:००' किंवा '+०२:००' लिहिलेलं असतं, तर चुकीचा दावा निदान समोर दिसला असता. मजकुरातही चुका होतातच, पण त्या वाचता येतात. माझ्यासाठी एवढ्यावरच पारडं झुकलं.

मजकुराचीही दुखणी आहेत. अक्षरक्रमाने सॉर्ट बरोबर येतो तो सगळ्या ओळींचा ऑफसेट एकच असेल तरच, म्हणून साठवताना सगळं यूटीसीत आणावं. आयएसओ ८६०१ फारच ऐसपैस आहे, त्यात आठवड्याच्या क्रमांकानेही तारीख लिहिता येते. त्यामुळे मी आरएफसी ३३३९च्या, म्हणजे त्याच्याच इंटरनेटसाठी बेतलेल्या रूपाच्या, आटोपशीर चौकटीतच राहतो. जावासारख्या भाषांत फॉरमॅट लिहिताना वर्षासाठी कॅपिटल वाय वापरला, तर ते आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष होतं, म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते. मग ३० डिसेंबर २०२४ ही तारीख ३० डिसेंबर २०२५ म्हणून छापली जाऊ शकते. वर्षभर सगळं सुरळीत आणि नेमकं शेवटच्या आठवड्यात बिघडतं, म्हणून चाचण्यांतून हे सहज निसटतं.

जन्मतारखेबाबत मात्र मी अजिबात तडजोड करणार नाही. तिला वेळ नसते, म्हणून तिचा टाइमस्टॅम्प करूच नका. यूटीसी मध्यरात्रीचा आकडा ठेवला आणि यूटीसीच्या मागे असलेल्या प्रदेशात उघडला, की वाढदिवस एक दिवस आधी दिसतो. नुसतं '१९६४-०८-२१' पुरतं.

पुढच्या वर्षीच्या भेटीच्या वेळेला दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. तिथे स्थानिक वेळ आणि टाइमझोनचं नाव, दोन्ही ठेवावं लागतं, कारण ऑफसेट सरकारी निर्णयाने बदलतो. पॅसिफिकमधल्या सामोआ देशाने टाइमझोन बदलताना २०११मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळला.

तुमच्याकडे आधीच आकड्यांचा स्तंभ असेल, तर तो पुसून टाकू नका. शेजारी मजकुराचा नवा स्तंभ करा आणि ज्या घटनेची खरी वेळ तुम्हाला पक्की ठाऊक आहे, अशी एखादी नोंद आधी स्वतः ताडून बघा. माझे सरकलेले दोन तास शेवटी अशाच एका नोंदीत सापडले होते.