खाणीच्या डंपवर वाळा की ऑस्ट्रेलियन बाभूळ?

गोव्यातल्या लोहखाणींच्या डंपवर, म्हणजे खोदून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगाऱ्यांवर, पूर्वी सर्रास ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती झटपट वाढते, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, पाचोळा भरपूर पडतो. पण तो जाड, चिवट. कुजायला वेळ लावतो. मुळं बहुतेक वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे ढिल्या उतारावर वादळात झाड उन्मळतं.

वाळ्याची (खस गवताची) मुळं सरळ खाली, दोन-तीन मीटर जातात. पान १५-२० सेंमीवर छाटलेले ठोंब पहिल्या पावसातच, समपातळी (उताराला आडव्या, एकाच उंचीवरच्या) ओळीत, १०-१५ सेंमी अंतराने लावा. ओळीत फट राहिली की पाणी नेमकं तिथूनच घुसतं आणि घळ पडते. महिन्याभरात मेलेले ठोंब बदलायलाच हवेत. ओळीमागे गाळ अडतो. जुनी मुळं कुजून खाली सेंद्रिय अंश आणि पाणी मुरायला वाटा उरतात. मुळांचे स्राव व बुरशीचे धागे कणांना चिकटवून ढेकळं बनवतात. नत्र मात्र वाळा फारसा देत नाही, शेणखत टाकावंच लागतं.

आमचं मत: उतारावर वाळाच. बाभूळ सपाट टप्प्यांवर, तीही स्थानिक झाडांत मिसळून, विरळ. दाट सावलीत वाळा मरतो.