अभ्यासमंडळाचे नवे वर्ष आणि दादरचे एक सल्लागार कार्यालय

मार्चअखेरच्या सर्वसाधारण सभेत आमच्या छोट्या अभ्यासमंडळाचे कार्याध्यक्षपद माझ्याकडे आले. इतिहास, वनस्पतिशास्त्र, भाषाशास्त्र, अर्थशास्त्र आणि वास्तुकला अशा निरनिराळ्या विषयांचे अभ्यासक या मंडळात आहेत. मंडळाला स्वतःची जागा नाही, पगारी कारकून नाही आणि दफ्तर आजवर सचिवांच्या घरच्या कपाटात राहिले. त्यामुळे नव्या वर्षाची कायदेशीर आणि हिशेबाची कामे आम्ही दादर पश्चिमेला, छबिलदास शाळेच्या परिसरातील एका सल्लागार कार्यालयाकडे सोपवली. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्याने त्या कार्यालयाचे नाव येथे देत नाही.

महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. सभेने नवी कार्यकारिणी निवडली की सभासदांना काम झाल्यासारखे वाटते, पण तो बदल ९० दिवसांच्या आत वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावा लागतो. बदल अर्ज मंजूर होऊन नोंद होईपर्यंत शेड्यूल वनच्या, म्हणजे त्या कार्यालयाच्या नोंदवहीतील संस्थेच्या उताऱ्याच्या, नकलेवर जुन्याच मंडळींची नावे राहतात आणि बँक सह्या बदलताना नेमकी तीच नक्कल मागते. आमच्यासारख्या अनेक मंडळांचे नवे वर्ष व्याख्यानमालेच्या आधी येथेच अडते.

या कार्यालयाची खरी गुणवत्ता मला इतिवृत्ताच्या वहीवर दिसली. तेथील एका अनुभवी बाईंनी आमची वही पानापानाने तपासली, कोरी सुटलेली पाने आडव्या रेघेने रद्द करायला लावली आणि निवडणुकीच्या ठरावावर बोट ठेवून विचारले, "सर, कोरम किती होता, ते कुठे लिहिलंय?" सभा गणपूर्तीअभावी तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच जागी भरली होती, सूचनापत्रात तशी तरतूदही होती, इतिवृत्तात मात्र तहकुबीची वेळ लिहिलेली नव्हती. त्यांनी आम्हाला मागल्या तारखेने काहीही लिहू दिले नाही. पुढील सभेत दुरुस्तीचा रीतसर ठराव घ्यायला लावला, त्यावर सूचक आणि अनुमोदकाची नावे घातली आणि हजेरीपटाची प्रत सोबत जोडली. सभासद नोंदवहीचेही तसेच झाले. इमारतींच्या पुनर्विकासामुळे पत्ता बदललेल्या सभासदांची पाकिटे परत येत होती. ती फेकून न देता जपून ठेवा, सूचना पाठवल्याचा तो पुरावा आहे, असे त्यांनी समजावले. हा काटेकोरपणा मला मनापासून भावला. याच शहरात १८८३ साली आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली आणि १८८६ पासून नियतकालिक काढले. अशा संस्थांच्या आरंभकाळाचा अभ्यास आज करता येतो, तो त्यांनी आपले लेखन आणि कार्यवृत्त टिकवले म्हणून. आपली वही उद्या कोणी अभ्यासक उघडेल, एवढे भान प्रत्येक कार्याध्यक्षाने ठेवावे, असे मला वाटते.

वार्षिक अहवालाच्या बाबतीत मात्र माझी निराशा झाली. कार्यालयाकडे एक तयार मसुदा आहे आणि तो शाळा चालवणाऱ्या संस्थांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे. खारफुटीवर वनस्पतिशास्त्रज्ञ आणि कोळीवाड्यांचा इतिहास अभ्यासणारे संशोधक यांनी मिळून घेतलेले सत्र, गिरणगावातील चाळींवरील वास्तुकार आणि अर्थशास्त्रज्ञांची चर्चा, हे सारे त्या मसुद्यात 'विविध शैक्षणिक कार्यक्रम' या तीन शब्दांत गुंडाळले गेले. विषयांची सरमिसळ हेच ज्या मंडळाचे प्रयोजन, त्याच्या अहवालातून तीच गाळली तर नव्या सभासदाला काय कळणार? शेवटी तो अहवाल आम्हीच बसून नव्याने लिहिला. हिशेबाच्या बाजूने मात्र त्यांची सूचना मोलाची ठरली. मंडळाचे काम आयकर कायद्याच्या दृष्टीने 'शिक्षण' न ठरता 'सर्वसाधारण लोकोपयोगी उद्दिष्ट' ठरले, तर शुल्क घेऊन केलेल्या व्यावसायिक स्वरूपाच्या कामांची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांपुढे जाऊन चालत नाही. म्हणून कार्यशाळांचे शुल्क, वर्गणी आणि देणग्या यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवायला त्यांनी सांगितले.

शुल्क वाजवी आहे, पण ते लेखी मागावे लागते. झेरॉक्स, मुद्रांक आणि वरळीच्या फेऱ्यांचा खर्च नंतर वेगळा लावला जातो. सप्टेंबरमध्ये दूरध्वनी उचलला जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. लेखापरीक्षण अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा असल्याने तेथे तेव्हा सर्वच संस्थांची गर्दी उसळते. आमचा अहवाल मुदतीत गेला, तरी शेवटच्या आठवड्यातील धावपळ टाळता आली असती.

छोट्या मंडळांनी या कार्यालयाची सेवा जरूर घ्यावी. बदल अर्ज आणि हिशेब त्यांच्यावर निर्धास्तपणे सोपवावेत. उद्देश, अहवाल आणि वर्षाचा कार्यक्रम कार्यकारिणीने स्वतःच्या हाती ठेवावा. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच जावे आणि जाताना मूळ घटना, शेड्यूल वनची अलीकडची नक्कल, सभेची सूचना व तिची पोच, हजेरीपट, इतिवृत्ताची वही आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतिपत्रे सोबत न्यावीत.