यंदाचा पैसा वसूल: किशोर मासिक
वर्ष संपत आलं म्हणून लिहूनच टाकते, यंदा मुलांसाठी जे काय घेतलं त्यात फुल पैसा वसूल म्हणजे किशोर. बालभारतीचं मासिक, १९७१ पासून चालू आहे आणि भारी गोष्ट म्हणजे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत, त्यामुळे लेक नवा अंक घेऊन बसते आणि सासूबाई टॅबवर सत्तरच्या दशकातली चित्रं झूम करून "अगं हे बघ, हे बघ" करत मला हाका मारतात, इकडे भाजी करपली तरी चालेल. इंग्लिश मीडियमवाल्यांना जोडाक्षरं अडतात पण गोष्टी छोट्या त्यामुळे कंटाळत नाहीत. धाकटा आधी कोडीच उघडतो आणि पेनाने उत्तरं लिहून ठेवतो, मग ताईचा संताप! दिवाळी अंकावरून तर रीतसर मारामारी झाली.

बाकी एका ओटीटी ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलेलं ते वायाच, मराठी कार्टून शोधायला गेलं की सगळं डब केलेलं. त्यापेक्षा सुट्टीत दादरला शिवाजी मंदिरात बालनाट्य, येताना आयडियलमध्ये पुस्तकं चाळायची, नवरा बाहेर वडापाव धरून उभा.

आठवी-नववीच्या पुढची मुलं किशोरला हात लावतील असं वाटत नाही, पण आमची वर्गणी पक्की, फक्त दोन प्रती घ्याव्यात का याचा विचार चालूय.