विधी महाविद्यालयाच्या नावाखाली ट्रेडमार्कची फसवणूक

नवी मुंबईत मसाले, लोणची, कपडे किंवा सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना सध्या मोफत कायदेशीर साहाय्य देऊ करणारी काही माणसे भेटत आहेत, म्हणून आमच्या बाबतीत घडलेला प्रकार सविस्तर लिहीत आहे. रबाळे एमआयडीसीतील एका गाळ्यात मी आणि माझे पती गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी तयार करतो. ऐरोलीतील महिला उद्योजकांच्या एका प्रदर्शनात आमच्या शेजारीच एका विधी महाविद्यालयाच्या ‘लीगल एड क्लिनिक’चा फलक लावलेले टेबल होते. तेथे स्वतःला वकील म्हणवणारे एक गृहस्थ आणि गळ्यात ओळखपत्रे घातलेली दोन मुले बसली होती.

यात संशय येण्यासारखे काही नव्हते, कारण प्रत्येक विधी महाविद्यालयाने असे साहाय्य केंद्र चालवावे, असे वकिली व्यवसायाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियमच सांगतात आणि ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ते चालवतात. नेमक्या याच विश्वासाचे भांडवल करण्यात आले. “सल्ला मोफत, फक्त सरकारी फी तुमची,” असे त्या गृहस्थांनी सांगितले आणि आमच्या मसाल्याच्या नावाच्या ट्रेडमार्कसाठी नऊ हजार, तर उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीसाठी, अडीच हजार रुपये घेतले. पावतीवर महाविद्यालयाचे बोधचिन्ह होते. पैसे मात्र एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर गेले.

वास्तविक, उद्यम नोंदणीला सरकार एक रुपयाही आकारत नाही. १ जुलै २०२० पासून ती केंद्र सरकारच्या पोर्टलवर आधार क्रमांकाच्या आधारे, स्वयंघोषणेने आणि विनामूल्य होते. ट्रेडमार्कचे ऑनलाइन शुल्कही व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी मालाच्या प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. ९,००० हा दर इतरांसाठी असतो. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, म्हणजे आम्हाला एकच वर्ग पुरेसा होता. आमच्या वतीने अर्ज करण्याच्या मुखत्यारपत्रावर माझी सही घेतली तेव्हा प्रतिनिधीच्या नावाची जागा कोरी होती, ‘ती ऑफिसात भरली जाते,’ असे उत्तर मिळाले. कायद्यानुसार असा अर्ज मालकाला स्वतः करता येतो, नाहीतर वकिलाला, नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंटाला किंवा केवळ मालकाच्याच नियमित नोकरीत असलेल्या व्यक्तीला. विद्यार्थ्याला ते काम करता येत नाही. आणि खऱ्या वकिलाला गिऱ्हाईक शोधत टेबल मांडून बसायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात, हेही येथे नोंदवायला हवे.

काही दिवसांनी अर्ज क्रमांक असलेली पोचपावती आली, सोबत पाकिटांवर ® छापण्याची सूचनाही. ® हे चिन्ह केवळ नोंदणी पूर्ण झाल्यावरच वापरता येते, अर्जाच्या टप्प्यावर ™ चालते. नोंदणी नसताना नोंदणीकृत असल्याचे भासवणे ट्रेडमार्क अधिनियम, १९९९ च्या कलम १०७ मध्ये बसते. पाकिटांचा साठा छापून झाल्यावर एका ऑनलाइन विक्री मंचाने आमचा ब्रँड स्वीकारण्यासाठी क्रमांक पडताळला आणि नाकारला. ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक तपासला असता, अर्जदार भलतीच कंपनी आणि माल भलत्याच वर्गातला निघाला. क्रमांक खरा होता, पण आमचा नव्हता. पोचपावती हाती आल्याबरोबर हीच तपासणी प्रत्येकाने करावी, तिला शुल्क लागत नाही.

त्या महाविद्यालयात चौकशी केली तेव्हा प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे केंद्र महाविद्यालयाच्या आवारातच चालते, कोणाकडूनही पैसे घेत नाही आणि त्या गृहस्थांशी त्याचा संबंध नाही, असे त्यांनी सांगितले. टेबलावरच्या मुलांपैकी एक मात्र खरोखर त्यांचाच विद्यार्थी निघाला. त्याला ‘इंटर्नशिप’ म्हणून बसवले होते आणि त्याचे ओळखपत्र हेच त्या सगळ्या देखाव्यातले एकमेव खरा कागद होता. त्या मुलाविषयी माझ्या मनात राग नाही. राग आहे तो त्याच्या ओळखपत्राचा असा उपयोग करून घेणाऱ्यावर.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेतील फसवणूक व तोतयेगिरी या कलमांखाली तक्रार दिली आहे. पैसे देऊन बराच काळ लोटल्याने खाते गोठवून रक्कम परत मिळण्याची आशा कमी आहे. असे काही लक्षात आल्यास त्याच दिवशी १९३० वर कळवणे हिताचे. नंतर आम्ही स्वतःच खरा अर्ज ४,५०० रुपयांत भरला. मधल्या काळात अर्जाची आधीची तारीख आमच्या हातून गेली खरी, पण आपल्या कायद्यात आधीपासूनच्या वापरालाही संरक्षण आहे, म्हणून आमच्या नावाच्या सर्वांत जुन्या विक्रीपावत्या आणि लेबलछपाईची बिले अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राला जोडली. आधी छापलेल्या पाकिटांवरील ® आता स्टिकर लावून झाकतो आहोत. त्या प्रदर्शनात ज्यांनी त्याच टेबलावर पैसे भरले असतील, त्यांनी आपली पावती, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक आणि मुखत्यारपत्राची प्रत घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि तीत त्या प्रदर्शनाचा उल्लेख अवश्य करावा, म्हणजे या तक्रारी एकत्र तपासता येतील.