मेंढा खाली आणायचाय: १८ किलोची सॅक की २९ किलोची?

अलास्कात डॉल मेंढ्याच्या (तिथल्या डोंगरातला पांढरा रानमेंढा) शिकारीला पहिल्यांदा निघालेला माणूस हमखास विचारतो, "सॅक किती किलोची भरू?" प्रश्न अर्धाच आहे. जातानाचं ओझं कुणीही कण्हत-कुथत निभावून नेतो. खरी परीक्षा मेंढा मिळाल्यावर सुरू होते.

पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या आसपास भरतो, कधी त्याहून जास्त. हाडं काढून टाकली तरी २५ ते ३५ किलो मांस निघतं. खाण्याजोगं सगळं मांस खाली आणणं कायद्याने बंधनकारक आहे: राना, खांदे, मान, सीना, पाठ, बरगड्यांमधलंसुद्धा. वर शिंगं, कवटी आणि पेंढा भरून घ्यायचा असेल तर मानेखांद्याचं कातडं. हे सगळं मिळून मी ४५ किलोचा हिशोब धरतो. दोघं असाल तर प्रत्येकी साडेबावीस.

खाली दोन सॅका शेजारीशेजारी ठेवल्यात. पहिली माझी, तिसऱ्या वर्षीची, जेव्हा मला हलकं जाण्याचं वेड लागलं होतं. दुसरी माझ्या जोडीदाराची, तो लष्करातून निवृत्त झालेला आणि "असू दे, लागेल" या पंथाचा. तिसरा रकाना मी आज नेतो त्याचा. आकडे किलोत, दोघांच्या तुकडीत प्रत्येकी, आठ दिवसांसाठी, पाणी न धरता.

| वस्तू | हलकी | भरलेली | आजची |
|---|---|---|---|
| सॅक | १.३ | २.८ | २.८ |
| तंबू (निम्मा वाटा) | ०.७ | १.६ | ०.७ |
| स्लीपिंग बॅग, मॅट | १.३ | २.१ | १.३ |
| स्टोव्ह, भांडं, गॅस | ०.५ | ०.९ | ०.५ |
| दुर्बीण, स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण), ट्रायपॉड | २.४ | ४.२ | २.२ |
| रायफल, गोळ्या | ३.२ | ४.३ | ३.२ |
| सॅकेतले कपडे, रेनवेअर | २.० | ३.२ | २.४ |
| खाणं | ५.६ | ७.२ | ६.४ |
| सुरी, मांसाच्या पिशव्या, औषधं, सॅटेलाइट मेसेंजर वगैरे | १.५ | २.६ | १.५ |
| एकूण | १८.५ | २८.९ | २१.० |

आता हेच परतीच्या वाटेवर बघा. सात दिवसांचं खाणं पोटात गेलं आणि साडेबावीस किलो मेंढा चढला. हलकी सॅक होते ३६ किलोची, आजची ३८ची, जोडीदाराची ४५ची. ३८ किलो घेऊन मी दगडगोट्यांच्या नदीपात्रातून हळूहळू का होईना, चालू शकतो. ४५ घेऊन सुट्या दगडांच्या घसाऱ्यावरून उतरणं मला जमत नाही, आणि त्या वर्षी त्यालाही जमलं नाही. मग दोन खेपा आल्या. दोन खेपा म्हणजे दुप्पट चाल असं वाटतं, पण ती तिप्पट असते: भरलेलं जायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा भरलेलं जायचं. छोटं विमान जिथे उतरवतं त्या पट्टीपर्यंत १२ किलोमीटर असतील तर ३६ होतात. आणि पहिली खेप चालू असताना मागे ठेवलेलं मांस ग्रिझली अस्वलाला आमंत्रण देत पडलेलं असतं. ठेवावंच लागलं तर आतडी पडलीत तिथून बरंच लांब, उघड्यावर ठेवा, म्हणजे परतताना दुर्बिणीतून आधी बघता येतं की पाहुणे आलेत का.

एकटे जाणार असाल तर हा सगळा हिशोब बदलतो. एकट्याला दोन खेपा चुकतच नाहीत, सॅक कितीही हलकी करा. तिथे वजन कमी करायचं ते खेप वाचवायला नाही, पहिल्या चार दिवसांत गुडघे शाबूत राहावेत म्हणून.

सॅक: इथे वाचवू नका

माझी मोठी चूक इथेच झाली. सव्वा किलोची, जवळपास बिनफ्रेमची सॅक घेतली. जाताना पिसासारखी वाटली. सह्याद्रीत पाच-सहा दिवसांच्या रेंज ट्रेकला असली सॅक पाठीवर असती तर मी तिची पूजा केली असती. पण अशा सॅका साधारण १५-१८ किलोपर्यंतच बऱ्या. ३६ किलो भरल्यावर तिचा कमरपट्टा नावालाच उरला, सगळा भार खांद्यांवर आला, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या पट्ट्याची शिलाई उसवली. पुढचे सहा किलोमीटर तो पट्टा रायफलच्या स्लिंगने बांधून काढले.

शिकारीच्या फ्रेमच्या सॅका अडीच ते तीन किलोच्या असतात. त्यांची गंमत अशी की पिशवी फ्रेमपासून सैल करता येते आणि मधल्या जागेत मांस पाठीला चिकटून बसतं. ओझं पाठीपासून चार बोटं लांब गेलं तरी मागे ओढ लागते, आणि उभ्या उतारावर ही ओढ माणसाला बसवते. हे दीड किलो जास्त म्हणजे पैसे वसूल. बाकी कुठेही कात्री लावा.

स्कोप: इथे वाद आहे

जोडीदाराचा ८५ मिलिमीटरचा (पुढच्या काचेचा व्यास) स्कोप आयपीससकट दोन किलोच्या घरात, वर दीड किलोचा ट्रायपॉड. माझा ५० मिमीचा, एक किलोही नाही. मी त्याला हसायचो. मग एका संध्याकाळी समोरच्या धारेवर तीन नर दिसले, किलोमीटरभर लांब. माझ्या स्कोपमधून मधला चांगला वाटला. साडेपाचशे मीटर चढलो, दुसऱ्या दिवशी सकाळी जवळून पाहिलं, तर शिंगाचा वेढा पुरा नव्हता.

हे का महत्त्वाचं, ते नवख्यांसाठी सांगतो. इथे बहुतेक भागांत मारण्यायोग्य नर कोणता, तर ज्याच्या शिंगाने पूर्ण वेढा घेतलाय, किंवा ज्याची दोन्ही टोकं झिजून-तुटून गेलीत, किंवा जो शिंगावरच्या वार्षिक वळ्या मोजून किमान आठ वर्षांचा भरतो. तीनपैकी एक तरी असायलाच हवं. चुकून लहान नर पाडला तर शिंगं जप्त आणि वर खटला. वळ्या मोजायला चांगली काच लागते, नाही तर पायपीट लागते. वजनकाट्यावर स्कोप जड दिसतो, पण त्याने वाचवलेले चढ काट्यावर दिसत नाहीत.

तरी ८५ मिमीचा नेऊ नका असं मी म्हणेन. उन्हाच्या दिवशी तापलेल्या दगडांवरून हवा थरथरायला लागली की जास्त मोठं करून काहीच मिळत नाही, सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसतं. आम्ही आता दोघांत मिळून एकच ६५ मिमीचा स्कोप आणि एकच ट्रायपॉड नेतो. स्कोप एकाकडे, ट्रायपॉड दुसऱ्याकडे, दुर्बीण मात्र प्रत्येकाची आपापली, १०x४२ (दहापट मोठं दाखवणारी, ४२ मिमी काचेची). वरच्या कोष्टकात म्हणूनच आजचा आकडा हलक्या सॅकेपेक्षाही कमी आहे. दोघांनी दोन स्कोप नेणं ही या खेळातली सर्वांत महाग हौस.

तंबू: कुठल्या डोंगरात जाताय त्यावर

बिनतळाचा टिपी (शंकूसारखा तंबू), मध्ये एक काठी, दोघांसाठी सव्वा ते दीड किलो. दुहेरी भिंतीचा, कमानीच्या काठ्यांचा तंबू सव्वातीन किलोच्या आसपास. ब्रूक्स रांगेसारख्या उत्तरेकडच्या, तुलनेने कोरड्या भागात टिपी पुरतो. तिथे झाडं फारशी नाहीत, जमीन ओबडधोबड, पण पाऊस दिवसचे दिवस कोसळत नाही. आतून दव धरतं आणि सकाळी डोक्यावर ठिबकतं, ते सोसायचं. खुंट्या खडकाळ पात्रात धरत नाहीत, म्हणून दोऱ्या दगडांना बांधायची सवय हवी.

दक्षिणेकडची चुगाच रांग वेगळी. समुद्र शेजारीच, त्यामुळे कोकणातल्या श्रावणासारखा पाऊस, फक्त चार अंश तापमानात आणि आडव्या वाऱ्यासकट. तिथे मी निमूटपणे जोडीदाराचा तंबू उचलतो. दोन दिवस ढगात अडकून पडणं तिथे नेहमीचं, आणि ते दोन दिवस ओल्या गवतावर बसून काढले तर तिसऱ्या दिवशी चढायची इच्छाच उरत नाही. स्लीपिंग बॅगचंही तसंच: कोरड्या भागात पिसांची, ओल्यात सिंथेटिक. सिंथेटिक पाव-अर्धा किलो जड पडते, पण भिजल्यावर पिसांसारखी गोळा होऊन बसत नाही.

खाणं: इथे हलकंच जास्त पोट भरतं

जोडीदार रोज ९०० ग्रॅम न्यायचा. पाकिटातलं तयार जेवण, सुकं बीफ, ओटमीलच्या पुड्या. त्याचं सरासरी ग्रॅममागे चार कॅलरी म्हणजे ३६०० होतात. मी ८०० ग्रॅम नेतो आणि ४००० मिळवतो, कारण ग्रॅममागे पाच पडतात. रहस्य काही नाही, स्निग्धांश. पिठात आणि साखरेत ग्रॅमला चार कॅलरी, तुपातेलात नऊ. शेंगदाण्याचे आणि तिळाचे गुळातले लाडू, भाजलेले बदाम, आणि छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत साजूक तूप. रात्री झटपट शिजणारा भात, मेतकूट, दोन चमचे तूप. जोडीदाराला मेतकुटाचं आधी हसू आलं, आता तो ऑगस्ट आला की आठवण करून देतो.

हलक्या सॅकेच्या वर्षी मी ७०० ग्रॅमवर उतरलो होतो. सहाव्या दिवशी हात थरथरत होते. त्या अवस्थेत नेम धरणं आणि सुरी चालवणं, दोन्ही वाईट. म्हणून खाण्यात १०० ग्रॅम परत वाढवले.

गॅसची डबी प्रवासी विमानातून नेता येत नाही, ती अँकरेज किंवा फेअरबँक्सला उतरल्यावरच घ्या. फक्त पाणी उकळायचं असेल तर छोटं बर्नर आणि टायटेनियमचं भांडं पुरे.

बाकीचं पटकन

रायफल: किलोभर हलकी घेता येते, पण तिचा खांद्याला धक्का जास्त बसतो आणि नेम धरताना ती डगमगते. उन्हाळाभर तिच्यावरच सराव करणार असाल तर घ्या, नाही तर आहे तीच न्या.

रेनवेअर: कागदासारखं पातळ जॅकेट झुडपांत फाटलं, म्हणून आता ४०० ग्रॅम जास्त मोजतो.

बूट: सॅकेत नसतात म्हणून कोष्टकात नाहीत. कडक तळव्याचेच हवेत. ३८ किलो पाठीवर घेऊन मऊ बुटांत घसारा उतरू नये. चालायच्या काठ्या दोन्ही न्या.

कातडं: भिंतीवर लावायचं नसेल तर तिथेच सोडा. डॉल मेंढ्याचं कातडं आणणं सक्तीचं नाही, आणि ओलं कातडं पाचेक किलो भरतं. शिंगं मात्र ३० दिवसांत राज्याच्या वन्यजीव खात्याकडे नेऊन सील करून (अधिकृत खूण लावून) घ्यावी लागतात.

विमानवाला काय म्हणतो

डोंगरात उतरवणारं सुपर कब हे छोटं विमान एका वेळी एकच प्रवासी नेतं, आणि पायलट तुम्हालाही काट्यावर उभं करतो. बरेच जण सामानाची मर्यादा ५० पौंडांच्या आसपास ठेवतात, म्हणजे साधारण २३ किलो. जोडीदाराची २८.९ किलोची सॅक त्या दिवशी पट्टीवरच उघडावी लागली. हलकं नेण्याचं तत्त्वज्ञान पटत नसेल तरी हा काटा पटवतो. उतरलात त्याच दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. म्हणून पहिल्या दिवसाचं खाणं वेगळं धरू नका, त्या दिवशी फारसं चालणं होतच नाही.

एक गोष्ट इथल्या मराठी मंडळींकडून नेहमी विचारली जाते: "पुण्याहून मेहुणा येतोय, त्यालाही परवाना काढू का?" अमेरिकेचा नागरिक असलेला, पण अलास्काबाहेर राहणारा जवळचा नातेवाईक तुमच्या सोबतीने डॉल मेंढा मारू शकतो. परदेशी नागरिकाला नातं चालत नाही, त्याला परवानाधारक गाइड लागतोच. पण मेहुणा नुसता सोबत आला आणि मेंढा पडल्यावर त्याने वाटा उचलला, तर ४५ किलोला तीनने भागा: प्रत्येकी १५. असा मेहुणा कुठल्याही टायटेनियमपेक्षा जास्त वजन वाचवतो.

हंगाम बहुतेक भागांत १० ऑगस्ट ते २० सप्टेंबर. अलीकडच्या काही वाईट हिवाळ्यांनंतर कळप रोडावलेत आणि काही भाग बंद झालेत, तेव्हा सामान घ्यायच्या आधी या वर्षीचं नियमपुस्तक उघडा.

आणि जून संपायच्या आत एक करा. सॅकेत ३८ किलो भरा, तांदळाच्या गोण्या चालतील, आणि अँकरेजजवळच्या फ्लॅटटॉप डोंगरावर चढून या. बरेच जण पाण्याच्या कॅन भरून वर नेतात आणि गुडघे वाचावेत म्हणून माथ्यावर ओतून रिकामे उतरतात. तसं करू नका. आपल्याला उतरण्याचाच सराव हवाय.