मधपेट्यांच्या नावाखाली गेलेले 1,19,500 रुपये

रामटेक तालुक्यातील आमच्या महिला बचत गटाची सचिव या नात्याने हे लिहिताना मला लाज वाटते. परंतु मधपेट्या विकून आम्हाला फसवणाऱ्या माणसांची गाडी आता पारशिवनीकडील गावांत फिरते आहे असे कळल्यावर गप्प बसणे शक्य नाही. मेलिफेरा या पाळीव जातीच्या मधमाश्यांच्या पंधरा पेट्या प्रत्येकी 6,800 रुपये, मध काढण्याचे यंत्र व जाळ्या 14,500 आणि ‘करार नोंदणी’चे 3,000, असे एकूण 1,19,500 रुपये आम्ही गटाच्या कर्जातून रोख भरले. मध तेच 350 रुपये किलोने परत घेणार होते. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

पेट्या आल्या त्या मृगाच्या तोंडावर, रात्री अकरा वाजता. माझे वडील आग्या मोहोळ उतरवीत. मोह, करंज फुलून गेल्यावर पावसाळ्यात माशीची उपासमार होते, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरीही मी विचारले नाही. भरलेली पेटी उचलायला दोन माणसे लागतात; त्या रात्री आमच्यातील सर्वांत वयस्क बाईने एक पेटी एकटीने कमरेवर घेतली आणि आम्ही कौतुकाने हसलो. ते हसणे आजही झोंबते. “माश्या चिडल्या आहेत, दोन दिवस उघडू नका,” असे चालक म्हणाला आणि पेट्या रात्रीच हलवतात हे खरे असल्यामुळे ते कुणालाही पटले असते. तिसऱ्या दिवशी पाहिले तर पेटीतल्या पोळ्याच्या आठ चौकटींपैकी तीनच चौकटींवर माश्या, आणि सहा पेट्यांत अंडी नाहीत, राणीही नाही. पैसे देण्यापूर्वी दिवसाउजेडी चौकट उचलून अंडी पाहा.

साखरेचा पाक देऊनही बैलपोळ्यापर्यंत तेरा पेट्या मेणकिड्याने संपवल्या. उरलेल्या दोहोंतून थंडीत निघालेला चार किलो मध ओलावा 19 टक्के म्हणून नाकारला गेला. अन्नसुरक्षेच्या नियमात मर्यादा 20 आहे, करारात मात्र 18 होती. कराराचे शेवटचे पान आधी वाचा.

पोलिसांनी “हा दिवाणी वाद आहे” म्हणून अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. मधाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात “आम्हाला विचारून घेतल्या होत्या का?” असे ऐकावे लागले. नागपूरला चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी साहेब बैठकीत. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या मधावर आमची मालकी मान्य केली, पण प्रशिक्षण मागायला गेलो तर यादीत नाव नाही. अशा वेळी दारात येऊन “शिकवतो” म्हणणाऱ्यावर आम्ही विश्वास ठेवला, हा आमचाच गुन्हा ठरतो. पैसे ऑनलाइन पाठवले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवा. आमच्याकडे साध्या कागदावरची पावती आहे.

रिकाम्या पेट्या माझ्या पडवीत रचलेल्या आहेत. दर महिन्याच्या 10 तारखेला हप्ता द्यायला बायका येतात, आणि त्या पेट्यांकडे कुणी पाहत नाही.