न्यूबॉर्न कॉम्बो किट : घ्यावं का आणि घ्यायचंच तर कितव्या महिन्यात?

ऑनलाइन मिळतं ना ते न्यूबॉर्नचं तयार किट, झबली टोपडी मोजे दुपटी उशी लोड नॅपी सगळं एका बॉक्समध्ये, ते बहिणीने मला गिफ्ट दिलं होतं, आता बाळाने पुरतं वापरून झालंय म्हणून लिहितेय. बजेटमध्ये खरेदी करणाऱ्यांना उपयोग होईल.

कपड्यांपासून सुरू करते कारण किटमधली खरी कामाची गोष्ट तीच आहे. झबली समोरून नाडीची आहेत, कापड सुती आणि मऊ, कितीतरी वेळा धुऊनही आटली नाहीत. सुरुवातीला बाळाची मान धरत नाही, डोक्यातून घालायचे कपडे चढवताना घाबरायला होतं, त्यामुळे नाडीवाली झबली म्हणजे मोठी सोय. फक्त मानेच्या आत जो टॅग शिवलाय तो कडक आहे, त्याने मानेला लाल ओरखडा उठला, मग मी सगळ्या झबल्यांचे टॅग उसवूनच टाकले. घ्याल तर आधी टॅग काढा आणि मगच धुवा. दुपटीही छान, मोठी आहेत.

नॅपी मात्र अजिबात आवडल्या नाहीत. इलास्टिक घट्ट, मांडीवर वळ उठतात आणि कंबरेची पट्टी इतकी वर येते की बरोबर नाळेवर घासते. नाळेचा तुकडा साधारण 1 ते 3 आठवड्यांत गळून पडतो, तोवर ती जागा कोरडी आणि मोकळी ठेवायची असते, मग असल्या नॅपीचं काय करायचं? पट्टी खाली दुमडून कसंबसं भागवलं.

आणि उशी, लोड. दिसायला फार गोड, पण बाळ झोपतं तिथे पहिलं वर्षभर उशी, लोड, सॉफ्ट टॉय काहीच ठेवायचं नसतं, सपाट घट्ट गादी, वर ताणून बसवलेली चादर आणि बाळ पाठीवर, एवढंच. श्वास कोंडायचा धोका असतो, त्यात तडजोड नको. म्हणजे किटच्या किमतीतला बराच भाग अशा वस्तूंचा जो वापरायचाच नाही. पावडरचा डबाही तसाच पडून आहे, ती श्वासातून आत जाते म्हणून डॉक्टर नकोच म्हणतात.

आता कधी घ्यायचं. माझं मत स्पष्ट आहे, पाचव्या महिन्याच्या स्कॅननंतर यादी करा पण पैसे लगेच काढू नका. आधी घरात, मैत्रिणींत विचारा कुणाकडे काय आहे, लहान बाळांचे कपडे झिजायच्या आधीच आखूड होतात त्यामुळे चांगले कपडे सहज मिळतात. काय आलं ते बघून उरलेलं सातव्या-आठव्या महिन्यात घ्या. अगदी शेवटपर्यंतही थांबू नका, 37 आठवड्यांच्या आधीही डिलिव्हरी होऊ शकते, हॉस्पिटलची बॅग 35-36 व्या आठवड्यात भरलेली असलेली बरी.

लवकर घेण्यातला तोटा असा की रिटर्नची मुदत बाळ यायच्या आधीच संपते आणि वॉरंटी बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून धरतात, पाचव्या महिन्यात घेतलेल्या ब्रेस्ट पंपाची वॉरंटी चार महिने कपाटातच जाते. सेल लागला म्हणून घेताय तर ही तारीख आधी बघा. प्रॅम किंवा पाळण्यासारखं एखादं मोठं मॉडेल पक्कं ठरलेलं असेल तरच सेलमध्ये लवकर घ्यायला हरकत नाही.

डायपरचे मोठे पॅक स्वस्त पडतात म्हणून अजिबात साठवू नका. सुरुवातीला दिवसाला 8-10 लागतात हे खरं, पण बाळाचं वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं, न्यूबॉर्न साइज बघता बघता लहान पडते आणि एखाद्या ब्रँडने रॅश आला की फोडलेला पॅक कोण परत घेणार? एक छोटा पॅक पुरे. कपडेही न्यूबॉर्न साइजचे थोडेच, बाकी 0-3 महिन्यांचे, आणि पुढच्या साइजचे घेताना बाळ त्या वयाचं होईल तेव्हा ऋतू कुठला असेल ते मोजा. हाय चेअर वगैरे तर वरचं अन्न सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिन्यांपर्यंत, लागतच नाही.

सेकंडहँडबद्दल पण सांगते. कपडे, दुपटी, टब बिनधास्त घ्या. लाकडी पाळणा असेल तर दांड्यांमधली फट 6 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, बाजू खाली सरकणारा जुना पाळणा नकोच. कार सीटवर एक्सपायरी डेट असते ती बघा, आणि आधी अपघात झाला होता की नाही हे खात्रीने सांगणारं माणूस असेल तरच घ्या. एकीच्याच वापरासाठी बनवलेला पंप दुसऱ्या कुणाचा वापरू नका.

रेटिंग म्हणाल तर कपड्यांना पाचपैकी चार, नॅपीला एक, उशी-लोडाला शून्य. याच किटचं फक्त कपडे आणि दुपटी असलेलं छोटं पॅक मिळतं, ते सातव्या महिन्याच्या शेवटी घ्या, पैसे वसूल होतात. आणि कुणी मोठं किट गिफ्ट द्यायचं म्हणत असेल तर संकोच न करता सांगा की त्याऐवजी सहा महिन्यांनंतरच्या साइजचे कपडे द्या, तेव्हा सगळ्यांची गिफ्ट संपलेली असतात आणि खर्च चालूच असतो.